ड्रीमकास्ट जळगावच्या उन्हाळ्यात, आणि कधीच न आलेला ‘ब्लॅकबेल्ट’: वापरानंतरचा अनुभव

सेगाचं ड्रीमकास्ट, म्हणजे टीव्हीला जोडायचं जुनं गेम मशीन, सेकंडहँड घेणार असाल तर गेमच्या आधी पॉवर सप्लाय बघा. जपानी आणि अमेरिकन मशीन आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं की सप्लाय जळालाच समजा. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. युरोपियन मशीन (पाल टीव्ही पद्धतीचं) थेट चालतं. मशीन उलटं करून स्टिकरवर गोलातला आकडाही पाहा. १ असेल तर डिस्क ड्राइव्ह काढून जीडीईएमयू बोर्ड (डिस्कऐवजी कार्डवरून गेम चालवणारा) आणि एसडी कार्ड बसवता येतं, ० किंवा २ वर नाही.

पावसाळा सरल्यापासून ऐन मेपर्यंत जळगावात वापरलं. बाहेर पारा ४५ च्या आसपास असतानाही उष्णतेने मशीन बंद पडलं नाही. त्रास दिला तो कापसाच्या हंगामातल्या तंतूंनी: पंख्याच्या जाळीवर त्यांची गादी जमते, ब्रशने काढत राहावी लागते. मशीन कूलरच्या झोतात तर ठेवूच नका, ओल थेट आतल्या पॉवर सप्लायच्या पिनांवर बसते.

त्या पिना म्हणजे या मशीनचं खरं दुखणं. खेळता खेळता ते आपोआप रीसेट होऊन मेनूवर येतं आणि लोक ड्राइव्हला दोष देतात. प्लग काढून थोडा वेळ थांबा, मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. खालचे चार स्क्रू काढा (एक मोडेमच्या खाली लपलेला असतो), सप्लायचा बोर्ड उचला. मेन बोर्डवरच्या उभ्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि अगदी किंचित वाकवा, म्हणजे पकड घट्ट होते. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

आता ‘ब्लॅकबेल्ट’बद्दल. १९९७ मध्ये सेगाकडे या मशीनचे दोन आराखडे होते: अमेरिकेत थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ग्राफिक्स चिपवरचा ‘ब्लॅकबेल्ट’ आणि जपानात हिताची एसएच-४ प्रोसेसर व पॉवरव्हीआर ग्राफिक्स चिपवरचा. थ्रीडीएफएक्सच्या शेअर विक्रीच्या कागदपत्रांत करार उघड झाला, सेगाने जपानी आराखडा घेतला, प्रकरण कोर्टात जाऊन तडजोडीवर मिटलं. ‘ब्लॅकबेल्ट’ निवडला असता तर? पीसीवरचे गेम आणणं सोपं गेलं असतं. चिप बनवणाऱ्या एनईसीकडून पॉवरव्हीआर पुरेशा न मिळाल्याने २७ नोव्हेंबर १९९८ ला जपानात माल कमी पडला, तोही कदाचित पडला नसता. पण पॉवरव्हीआर पडद्याचे लहान चौकोन पाडते, काय पुढे काय मागे याचा हिशेब चिपमध्येच ठेवते आणि झाकलेला भाग रंगवतच नाही, म्हणून ८ एमबी व्हिडिओ मेमरीत इतकं मावतं. थ्रीडीएफएक्सची व्हूडू चिप झाकलेलंही रंगवते आणि तो हिशेब मेमरीत ठेवते. तेच चित्र काढायला जास्त मेमरी लागली असती आणि किंमत चढली असती. निवड बरोबरच होती असं आमचं मत.

चुकलं ते डिस्कमध्ये. एमआयएल-सीडी (जादा मजकूर असलेल्या गाण्यांच्या सीडी) साठी ठेवलेल्या वाटेने साध्या सीडी-आर वरच्या गेमच्या चोरट्या नकलाही चालू लागल्या. ही वाट सुरुवातीलाच बंद असती तरी सेगा तगली असती असं नाही. आधीच्या सॅटर्न मशीनचा तोटा मागे होता, ईए या मोठ्या गेम कंपनीचे गेम नव्हते आणि पुढ्यात सोनीचा डीव्हीडीवाला पीएस२ होता. मार्च २००१ मध्ये उत्पादन थांबलं. आज मात्र सीडी-आर वापरू नकाच. लेन्सची धावपळ वाढते आणि तीच आधी जाते. त्याऐवजी जीडीईएमयूसाठी ३२ जीबी कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फोल्डरला ०१, ०२ असे क्रमांक द्या (०१ मेनूसाठी) आणि प्रत्येकात एकच गेम ठेवा.

चित्रासाठी व्हीजीए बॉक्स (मशीन मॉनिटरला जोडणारा डबा) घ्या. ६४० बाय ४८० स्वच्छ दिसतं. पिवळ्या केबलवर नव्या टीव्हीत सगळं धुरकट. काही मोजके गेम व्हीजीएवर सुरूच होत नाहीत.

दर वेळी तारीख विचारत असेल तर आतला सेल संपलाय. तो चार्ज होणारा एमएल२०३२ असतो; दुकानदार साधा सीआर२०३२ डकवू पाहतो, तो लावू देऊ नका, फुगू किंवा गळू शकतो. गोलाणी मार्केटमध्ये मोबाईलचं सोल्डरिंग करणाऱ्याकडून होल्डरच बसवून घ्या. सीआर२०३२ लागतात ते व्हीएमयूला (कंट्रोलरमध्ये बसणारं, छोट्या पडद्याचं मेमरी कार्ड), दोन. ते संपले की मशीन लावताच व्हीएमयू कर्कश पीप करतो, पण सेव्ह शाबूत राहतात.

आणि चारही कंट्रोलर पोर्ट एकदम गेले तर घाबरू नका: कंट्रोलर बोर्डवर एफ१ लिहिलेला, रेझिस्टरसारखा दिसणारा फ्यूज उडालेला असतो. चालू मशीनमध्ये कंट्रोलर काढ-घाल केल्याने हे होतं. तिथे नुसती तार टाकू नका, पुढच्या वेळी बोर्डच जाईल.