रामदासपेठेतील निद्राविकार चिकित्सालय : आमचा अनुभव
हिंगणा एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाची झोप पार विस्कटल्यामुळे आम्ही रामदासपेठेतील एका निद्राविकार चिकित्सालयात गेलो. डॉक्टरांनी गोळ्या देण्याआधी दोन आठवडे झोपेची नोंदवही भरून घेतली. सच्चिदानंद पांडा आदी संशोधकांनी २००२ च्या सुमारास उलगडलेले मेलानोप्सिनचे कार्य, म्हणजे डोळ्यातील हे द्रव्य निळसर प्रकाश टिपून मेंदूतील जैविक घड्याळाला दिवस उजाडल्याचे कसे कळवते, हे त्यांनी इतक्या सोप्या मराठीत समजावले की भाऊ दुसऱ्याच दिवसापासून पाळीहून परतताना गडद चष्मा लावू लागला. नागपूरच्या मे महिन्यात तर सकाळी सातलाच ऊन लख्ख असते. आता तो सलग सहा तास झोपतो. तपासणीचे शुल्क मात्र त्यांनी आधी सांगायला हवे होते.