जेलमधून हायकोर्टात मोफत अपील: सेवा कशी आहे?

पॉक्सोत (मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) सेशन्स कोर्टाने दहा-वीस वर्षे ठोठावली आणि खाजगी वकील परवडत नसला, की उरते विधी सेवेची मदत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोठडीतल्या माणसाला ती मिळते, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अपील दाखल होण्यापुरती सेवा भरवशाची आहे. त्यापुढे वकिलाच्या हाती कोणते कागद पडतात, यावर सगळे.

अर्ज जेलमधल्या विधी सहाय्य क्लिनिकमधून जातो. नातेवाईक विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करू शकतात. वकीलपत्रावर सही किंवा अंगठा आतच होतो, खाली अधीक्षकांचा शिक्का. हायकोर्टात मुदत 60 दिवस. निकालाची एक प्रत आरोपीला लगेच फुकट मिळते, तरी सर्टिफाइड नक्कल मागवली असेल तर तिच्यावरच्या तारखा बघा: अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली. नक्कल मिळवायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात. तरीही उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज सोबत लावावा आणि त्यात कारण तारखांसकट लिहावे. ‘गरिबीमुळे’ एवढ्यावर भागत नाही.

खरी गोची पुढे आहे. बऱ्याचदा वकिलाकडे नुसता निकाल पोहोचतो आणि अपिलाचे मुद्दे साच्यातले पडतात. साक्षी, उलटतपास, वैद्यकीय अहवाल, मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब आणि वयाचा पुरावा निशाणी (एक्झिबिट) क्रमांकासह आधीच पाठवा. वयाच्या पुराव्याचा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम 94 मध्ये ठरलेला आहे: आधी शाळेचा दाखला किंवा बोर्डाचे प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. हा क्रम चुकला असेल तर तो मुद्दा पहिल्या पानावर यायला हवा.

‘शिक्षा कमी करा’ एवढेच मागणारे अपील बहुधा वाया जाते. पॉक्सोत किमान शिक्षा ठरलेली आहे. दोष कायम ठेवून हायकोर्ट तिच्याखाली जात नाही. मात्र गुन्ह्याची तारीख नीट बघा. 16 ऑगस्ट 2019 पासून पॉक्सोच्या कलम 6 ची (गंभीर स्वरूपाचा लैंगिक अत्याचार) किमान शिक्षा 10 वरून 20 वर्षे झाली. त्याआधीच्या घटनेला नवी शिक्षा लावता येत नाही. अशी चूक 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्त केली आहे. ही तारीख वकिलाच्याही नजरेतून सुटते, म्हणून अर्जातच लिहावी.

शिक्षेला स्थगिती आणि जामीन बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 430 खाली मागतात. दहा वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सरकारी वकिलाला लेखी विरोधाची संधी द्यावीच लागते, पीडित मुलाच्या बाजूचेही ऐकले जाते. त्या मुलालाही हीच सेवा मोफत वकील देते, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे पहिल्या तारखेला सुटकेची आशा धरू नये.

सर्वांत कच्चा दुवा संपर्काचा. वकील जेलमध्ये भेटायला येईलच असे नाही. अपिलाचा नंबर पडताच तो लेखी मागून घ्या. त्यावरून हायकोर्टाच्या वेबसाइटवर पुढची तारीख दिसते. आणि निकालाचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. त्यात मुलाचे, आईबापांचे किंवा शाळेचे नाव राहिले, तर तो वेगळाच गुन्हा होऊ शकतो.