सांगलीतली घरी येणारी मानसिक क्रायसिस टीम: साडेतीन स्टार, त्यातले तीन दिवाणजींचे

साडेतीन का आणि पाच का नाही ते खाली येईलच. संस्थेचं नाव लिहीत नाहीये, कारण भावाच्या आजाराचं गल्लीत अजून अर्ध्या लोकांना माहीत नाही आणि सांगली किती छोटी आहे ते सांगलीकरांना काय सांगायचं, मारुती चौकात शिंकलं की विश्रामबागेत कुणीतरी विचारतं सर्दी झाली का.

तर सर्व्हिस अशी आहे. घरात कुणाचं मानसिक बिनसलं आणि माणूस दवाखान्यात यायला तयार नाही, किंवा आणायची सोय नाही, तर फोन केला की तिघं घरी येतात. एक नर्स ताई, एक सोशल वर्कर आणि तिसरा माणूस असा की ज्याला स्वतःला असाच मानसिक आजार आहे, ऍडमिट होऊन आलेला, गोळ्या अजून चालू असलेला. टीमवाले त्यांना पीअर म्हणतात. आम्ही दिवाणजी म्हणायला लागलो कारण ते मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर बरीच वर्षं दिवाणजी होते, अजूनही सीझनला हिशोबाला जातात. डॉक्टर गाडीत नसतात, लागलं तर व्हिडिओ कॉलवर येतात. गाडी साधी पांढरी इको, वर नाव नाही, दिवा नाही, सायरन नाही. नुसत्या या एका गोष्टीसाठी मी अर्धा स्टार देते. गल्लीतल्या लोकांना वाटलं मुलगी बघायला पाहुणे आलेत.

व्हिजिटचे 1500 रुपये. पावती देतात.

आता आमची परिस्थिती. भावाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार वर चढतं, कधी फार खाली जातं, हे घरात माहीत होतं, त्यावरच्या लिथियमच्या गोळ्या चालू होत्या, चांगला होता. दसऱ्याच्या आसपास झोप उडाली. रात्रभर गच्चीवरच्या खोलीत जुने मदरबोर्ड मांडून बसायचा, पहाटे तीनला लोकांना व्हॉइस नोट पाठवायचा, दुकानाच्या ब्रँच काढणार, एक तासगावला, एक जतला आणि एक डायरेक्ट दुबईला. मग बोलणं चिडीवर गेलं. अण्णांनी गाडीची किल्ली काढून घेतली तर आतनं कडी लावून बसला, जेवायला पण खाली येईना.

अशा वेळी सल्ले देणारे किती उगवतात. मामा म्हणाला बांधून घालून न्या, शेजारच्या काकू म्हणाल्या बाहेरचं आहे, एकांनी सांगितलं सरळ 112 ला फोन करून पोलिस बोलवा. आणि एका नातेवाईकाने एका गाडीवाल्याचा नंबर दिला, चार पोरं येतात, हातपाय धरतात आणि सेंटरला नेऊन टाकतात, पैसे आधी. मी त्या नंबरवर फोन केला होता. पलीकडच्या माणसाने पेशंटचं नाव नाही विचारलं, काय होतंय नाही विचारलं, पहिला प्रश्न, "वजन किती हाय?"

फोन ठेवला.

रात्री 14416 ला लावला, टेली मानस, सरकारी आहे, 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास आणि फुकट, मराठीत बोलता येतं. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, घरात धारदार काय आहे, शेतीची औषधं कुठे आहेत विचारलं, आणि सकाळपर्यंत कसं काढायचं ते सांगितलं. त्या सर्व्हिसला माझी तक्रार नाही. पण फोन हा फोनच, तो जिना चढून वर जात नाही, आणि आमचा प्रॉब्लेम जिन्याच्या वर होता. सकाळी मैत्रिणीकडून या टीमचा नंबर मिळाला.

आले तेव्हा नर्स ताई आणि सोशल वर्कर खाली आई-अण्णांजवळ बसले आणि दिवाणजी एकटेच वर गेले, मी मागोमाग जिन्यात. त्यांनी दार वाजवलं नाही. चपला काढल्या, दाराबाहेर पायरीवर बसले आणि म्हणाले, "मी टीमकडनं आलोय. मलाबी हेच हाय, दोनदा ऍडमिट झालोय. दार उघडायचं का न्हाई तुझं तू ठरव, मी बसतो हितंच." आणि गप्प. हे गप्प बसणं इतकं लांबलं की मला वाटायला लागलं, 1500 रुपये देऊन माणूस नुसता पायरीवर बसायला बोलावलाय की काय.

मग आतनं आवाज आला, "कुठल्या दवाखान्यात होता?"

पुढची पंधरावीस मिनिटं ते दोघं बंद दारातनं दवाखान्यातल्या खिचडीवर बोलत होते, खरंच सांगते, खिचडी. कुठे पातळ असते, कुठे मीठच नसतं. आमच्या घरातल्या कुणाला हा विषय काढता आला नसता कारण आम्ही ती खिचडी खाल्लेलीच नाही. कडी निघाली. मी चहा नेऊन दिला. दिवाणजींनी कप अर्धाच भरायला लावला, तरी उचलताना बशीत सांडला. भाऊ बघत होता, मग त्यानेच विचारलं.

"लिथियम?"

"व्हय."

"मी बंद केली."

"हातामुळं?"

"सोल्डरिंग करताना टिप जाग्यावर बसंना. गिऱ्हाईक समोर बघत उभं असतंय."

गोळ्या बंद केल्या हे कळल्यापासून आम्ही त्याला का बंद केल्यास म्हणून किती वेळा विचारलं असेल, दरवेळी उत्तर "असंच". आणि इथे सांडलेल्या चहावर उत्तर बाहेर आलं, लिथियमने हात थरथरायचा.

दिवाणजींनी विचारलं डॉक्टरला सांगितलंस का. नाही म्हणाला. "मग सांगूया की. डोस बदलता येतोय, आणखी काय काय असतंय, ते त्यांचं काम, मी काय डॉक्टर न्हाई. माझा पण पयला लई थरथरायचा, वहीत आकडा बसायचा न्हाई." हे मला फार आवडलं, की स्वतः इतकी वर्षं गोळ्या खाणारा माणूस, पण कुठली गोळी घे हे तोंडातनं काढलं नाही. एवढं मात्र सांगितलं की थरथर एकदम वाढली किंवा उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायचा, आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही, अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं.

दुबईबद्दल त्यांनी होपण म्हटलं नाही आणि नाहीपण म्हटलं नाही. "मला वाटलं हुतं सगळी अडत माझ्या नावावर हुणार हाय, मालकाला राजीनामा द्यायला सांगितला हुता मी," म्हणाले. भाऊ हसला. किती दिवसांनी नीट हसला. "दुबईचं बघू रं निवांत, आदी झोपेचं बघूया."

संध्याकाळी तो स्वतःच्या पायाने खाली आला आणि इकोत पुढच्या सीटवर बसून क्लिनिकला गेला, मागे बसणार नाही म्हणाला, ठीक आहे, पुढे बस. काही दिवस ऍडमिट होता. आता दुकान चालू आहे, गोळ्या बदलून दिल्यात.

बाकी दोघांचंही काम चांगलं, उगीच नाही म्हणणार नाही. नर्स ताईंनी भावाला आमच्या सगळ्यांसमोर सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतोय का. आईने पदर तोंडाला लावला. ताई नंतर आईला म्हणाल्या, विचारल्याने डोक्यात विचार घातला जात नाही मावशी, उलट माणसाला बोलायला जागा मिळते. अण्णांची तासगावकडे द्राक्षबाग आहे, फवारणीची औषधं घरातच जिन्याखाली असायची, ती त्याच दिवशी शेतावरच्या खोलीत हलवून कुलूप घालायला लावलं आणि किल्ली चुलत्यांकडे. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी हे टीम बोलावण्याची वाट न बघता करावं.

सोशल वर्करनी कायद्याचं सांगितलं, ते थोडक्यात लिहिते कारण मामासारखे लोक सगळीकडे आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे, 29 मे 2018 पासून लागू. त्यात पेशंटला साखळदंड घालायला सक्त मनाई आहे. माणूस स्वतः तयार असेल तर तो स्वतःच्या सहीने ऍडमिट होतो आणि स्वतः डिस्चार्ज मागू शकतो. तयार नसेल आणि परिस्थिती तितकी गंभीर असेल तरच दुसऱ्या प्रकारची भरती, त्याला त्याच्या प्रतिनिधीचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं आणि पहिल्यांदा मुदत जास्तीत जास्त 30 दिवस. चार पोरं आणि एक गाडी यात कुठेच बसत नाहीत. पोलिसांनी कुणाला संरक्षणात घेतलं तरी 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, कोठडीत ठेवता येत नाही. प्रतिनिधी कोण हे पेशंट स्वतः लिहून देऊ शकतो. भावाने माझं नाव लिहिलं. अण्णा अजून त्यावर फुगलेत.

आता दीड स्टार कुठे गेला ते.

वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, रविवारी बंद. ही क्रायसिसची वेळ आहे का? बँक आहे ही? मी हे दिवाणजींना तोंडावर म्हटलं तर त्यांनी जे कारण सांगितलं ते खरं आहे, त्यांना स्वतःला रात्रीचं जागरण चालत नाही, झोप मोडली की त्यांचाच आजार वर येतो, म्हणून ते रात्री बाहेर पडतच नाहीत. बरोबरच आहे. पण मग असे आणखी चार जण तयार करा ना, पाळी लावा, एका माणसावर अख्खी सांगली-मिरज-कुपवाड कशी चालणार. शिवाय प्रत्येक व्हिजिटनंतर टीम टपरीवर थांबून अर्धा तास आपापसात बोलते, कुणाला काय जड गेलं ते, मगच घरी जायचं असा त्यांचा नियम आहे. म्हणजे दिवसाला किती घरं होणार तुम्हीच हिशोब करा.

दुसरं, फोन उचलणारी मुलगी. माझा भाऊ वर कडी लावून बसलाय आणि ती मला पिनकोड विचारतेय. आधारचा फोटो व्हॉट्सॲप करा म्हणे. आधी माणूस सुरक्षित आहे का विचार बाई, मग पिनकोड.

तिसरं, डिस्चार्जनंतर ऑफिसमधनं फोन आला की तुमच्या भावाचा छोटा व्हिडिओ मिळेल का, अनुभव सांगणारा, देणगीदारांना दाखवायला. मी नाही म्हटलं, लगेच मान्य पण केलं त्यांनी, वाद नाही. पण विचारावंसं वाटलंच कसं?

आणि चौथं, जे मला सगळ्यात खटकलं. पावतीवर नर्सचे पैसे वेगळे लिहिलेत, सोशल वर्करचे वेगळे, डॉक्टरांच्या व्हिडिओ कॉलचे वेगळे. दिवाणजींचं नावच नाही. मी नंतर विचारलं तर कळलं त्यांना व्हिजिटमागे मानधन मिळतं, पेट्रोल धरून, आणि व्हिजिट नसली तर काही नाही. टीमच्या मीटिंगला बोलावतात पण फाइल बघायला देत नाहीत. दार उघडलं कुणी? गोळ्या का सोडल्या हे बाहेर काढलं कुणी? ट्रेनिंग त्यांनी पण घेतलंय, वर दोनदा ऍडमिट होण्याचं शिक्षण आहे ते कुठल्या कॉलेजला मिळत नाही. पण "हा तर पेशंटच की" हे कुठेतरी त्यांच्याच ऑफिसच्या डोक्यात बसलंय असं माझं स्पष्ट मत. दिवाणजी स्वतः तक्रार करत नाहीत, ते म्हणतात मला या कामाने बरं वाटतं. बरं वाटणं आणि पगार यांचं काय भांडण आहे?

सोशल वर्कर म्हणत होते की अमेरिकेत पोलिसांऐवजी अशी टीम पाठवायची पद्धत जुनी आहे, ओरेगॉन राज्यातल्या युजीन गावात 1989 पासून एक गाडी फिरत होती, एक वैद्यकीय माणूस आणि एक क्रायसिस वर्कर, आणि आता तिकडे बऱ्याच ठिकाणच्या टीममध्ये पीअर हे ठरलेलं पद असतं. ती युजीनची गाडी मात्र 2025 मध्ये पैशांअभावी तिथे बंद पडली. त्यामुळे इथली तरी नीट चालावी म्हणून एवढं लांबलचक लिहितेय, शिव्या घालायला नाही. आपल्याकडे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला, सांगलीतनं कुठेही जायचं तर अख्खा दिवस जातो आणि चिडलेल्या माणसाला घेऊन आंबा घाट उतरणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

दिवाणजी आता आठवड्यातनं एकदा भावाला फोन करतात. हे पॅकेजमध्ये आहे का त्यांचं ते स्वतः करतात मला कळलेलं नाही. बोलणं पाच मिनिटांचं असतं, झोप किती, गोळी घेतली का, हात कसाय, आणि मग क्रिकेट. परवा त्यांचा मोबाईल बिघडला तो भावाने दुरुस्त करून दिला, पैसे घेतले, दिवाणजींनीच घ्यायला लावले.

बोलवणार असाल तर जुन्या चिठ्ठ्या, फाइल, चालू आणि बंद केलेल्या गोळ्यांची नावं एका जागी काढून ठेवा, आणि आलेल्या माणसांशी घरातल्या एकानेच बोला, आमच्याकडे सहा जण एकदम बोलत होते, दिवाणजींनी टीव्हीसकट सगळ्यांना बंद केलं. फोनवर पीअर पाहिजे असं स्पष्ट सांगा, नाहीतर कधीकधी दोघंच येतात. माणूस अंगावर धावतोय किंवा स्वतःला काही करून घेतलंय असं असेल तर यांची वाट बघू नका, 108 ला फोन करा. आणि शनिवारी संध्याकाळी सहानंतर काही झालं तर 14416, कारण हे लोक सोमवारी सकाळी नऊलाच उचलतात.