दुसरं शिलाई मशीन: काळं, झिगझॅग, जुकी की ओव्हरलॉक?

गोधडी अर्धी मशीनवर चढलेली आहे. सुई कापडात खाली, उजवीकडे घट्ट गुंडाळी, डावीकडचा भार खुर्चीच्या पाठीवर टाकलेला. तेवढ्यात कुणाच्या तरी कुर्त्याची बाही उसवलेली निघते. घरात एकच मशीन असेल तर सगळं उतरवायचं, दोरा बदलायचा, फूट (कापड दाबून धरणारा भाग) बदलायचा, १६ नंबरची सुई काढून ११ ची लावायची, दोन मिनिटांची टीप मारायची आणि परत गोधडी चढवायची. परत चढवल्यावर टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, आधीसारखं बसत नाही, ते वेगळंच. पॅचवर्क आणि गोधड्या करणाऱ्यांच्या घरी दोन-तीन मशिनं दिसतात त्यामागे हौस असतेच, पण त्याहून जास्त हा व्याप असतो.

दुकानात ‘दुसरं मशीन हवंय’ म्हटलं की पहिल्यापेक्षा भारीतलं दाखवतात. जास्त टाके, छोटा पडदा, दोरा आपोआप कापणारं बटण. आमचा सल्ला नेमका उलटा आहे. दुसरं मशीन पहिल्यापेक्षा कमी कामं करणारं घ्या. घरात झिगझॅग (सुई डावी-उजवी फिरून नागमोडी टाकाही घालणारं मशीन) असेल तर दुसरं फक्त सरळ टीप मारणारं हवं, आणि त्यात आपल्याकडच्या साध्या काळ्या मशीनला तोड नाही.

काळं मशीन म्हणजे सिंगरच्या १५ नंबरच्या जुन्या रचनेवर बेतलेलं, डाव्या बाजूने बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) बसणारं मशीन. उषा असो, सिंगर असो की लुधियानाचा कुठलाही मेक, आतला साचा बहुतेक तोच. म्हणून शटल (खाली फिरून टाका गुंफणारा भाग), बॉबिन केस, टेन्शनची स्प्रिंग असले सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. पण पॅचवर्कसाठी ते सरस ठरतं ते सुईखालच्या पत्र्यामुळे. झिगझॅगच्या पत्र्याला सुई डावी-उजवी फिरायला ५ ते ७ मिलिमीटरची आडवी फट असते. मलमल किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा कोपऱ्यापासून शिवायला घेतला की सुई तो कोपरा त्या फटीत ढकलते, शटलमध्ये दोऱ्याचा गोळा होतो आणि मशीन कापड गिळतं. काळ्या मशीनच्या पत्र्याला सुईपुरतं एक गोल भोक असतं. कापडाला खाली जायला जागाच नाही. टाकाही त्यामुळे रेषेत पडतो.

दुसरा फायदा दात्यांचा, म्हणजे फूटाखाली कापड पुढे सरकवणाऱ्या दातेरी पट्ट्यांचा. रुंद झिगझॅग मशीनमध्ये दात्यांच्या दोन ओळी लांब-लांब असतात. पाव इंचाची शिवण घेताना कापडाची कड उजव्या ओळीवर जेमतेम टेकते आणि तुकडा तिरका सरकतो. काळ्या मशीनचे दाते अरुंद, फूटही अरुंद. पट्टी सरळ जाते.

हा पाव इंच किती महत्त्वाचा ते हिशेबानेच कळतं. साडेतीन इंचांचे ८ चौकोन एका ओळीत जोडले तर शिवून मधले चौकोन ३ इंचांचे उरतात. ओळीत शिवणी ७. प्रत्येक शिवण १ मिलिमीटर जास्त घेतली तर दोन्ही बाजूंनी मिळून २ मिलिमीटर जातात, म्हणजे ओळ १४ मिलिमीटर आखूड. अर्ध्या इंचाहून जास्त! पुढची ओळ बरोबर शिवली असेल तर दोन्हींचे कोपरे कधीच जुळणार नाहीत, मग कितीही इस्त्री करा.

काळ्या मशीनवर खूण एकदा करून ठेवता येते. पाव इंचाच्या रेघा असलेला आलेखाचा कागद फूटाखाली ठेवा. चाक हाताने फिरवून सुई बरोबर रेघेवर उतरवा, कागदाची उजवी कड फूटाला समांतर करा आणि त्या कडेला चिकटून बेडवर चिकटपट्टीचे चार-पाच थर लावा. थर हवेत म्हणजे कापडाला टेकायला काठ मिळतो. मग परीक्षा: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, शिवणी एका बाजूला दाबा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर चिकटपट्टी सुईच्या दिशेने दोराभर सरकवा. पट्टी कमी भरते याचं कारण असं की कापड शिवणीवर दुमडताना त्याच्या जाडीत थोडं जातं, त्यामुळे शिवण पाव इंचाला एखादा दोरा कमीच घ्यावी लागते. झिगझॅगवर हीच खूण दर वेळी फूट आणि सुईची जागा बदलली की हलते. दुसऱ्या मशीनवर ती कायम राहते, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या मशीनचे निम्मे पैसे इथेच वसूल होतात.

आता काळ्या मशीनची दुखणी. पायमशीनचं चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. सुरुवातीला पॅडल दाबताना ते उलटं गेलं की दोरा तुटतो किंवा शटलला गुंडाळतो, म्हणून पहिला झटका हाताने चाकाला द्यायचा. चामडी पट्टा काही महिन्यांनी सैल होतो, पाय मारला तरी चाक घसरतं. क्लिप उघडून पट्टा अर्धा इंच कापा आणि परत जोडा. त्याहून जास्त कापला तर तो इतका ताणतो की मशीन जड चालतं. बॉबिन भरत नसेल तर भरणीच्या चाकावरची रबरी रिंग झिजलेली असते. ती किरकोळ किमतीत मिळते, त्यासाठी अख्खा भाग बदलू नका. बॉबिन भरताना मोठ्या चाकातला मधला स्क्रू ढिला करायला विसरलं की सुई उगाच वर-खाली होत राहते.

सुई लावताना सपाट बाजू कुठे करायची यावर घरोघरी वाद होतात, कारण मशीनप्रमाणे ती बदलते. लक्षात ठेवायची खूण एकच: दोरा ज्या बाजूने ओवायचा त्या बाजूला सुईची लांब खाच, आणि शटलचं टोक ज्या बाजूने येतं त्या बाजूला सपाट. उलटी लागली तर एकही टाका पडत नाही. वर पूर्ण न सरकवता कसली तर टाके सुटतात.

आणि तेल. मशीनचंच तेल घाला. खोबरेल तेल घातलेली मशिनं दुरुस्तीला येतात ती आतून चिकटून आलेली असतात. थंडीत ते गोठतं, पुढे त्याची खळ होते. असं बसलेलं मशीन सोडवायचं तर सांध्यांत रॉकेलचे थेंब सोडून तासभर ठेवा, चाक हाताने मागे-पुढे हलवा, काळं निघालेलं पुसा, मग मशीनचं तेल घाला आणि चिंधीवर पाच-सात मिनिटं बिनदोऱ्याचं चालवा. रॉकेल तसंच ठेवलं तर आतला भाग कोरडा पडून घासला जातो.

झिगझॅग मशीनची जागा मात्र काळं मशीन घेऊ शकत नाही. काज, बटण, ताणाच्या कापडाची शिवण, अ‍ॅप्लिक (कापडावर दुसऱ्या कापडाचा आकार शिवणं), आणि साडीचा पिको. पिकोसाठी टाक्याची रुंदी ४ ते ५, लांबी १ च्या आत, आणि सुईचा उजवा टाका कापडाच्या कडेच्या किंचित बाहेर पडला पाहिजे. तेव्हाच कड गुंडाळली जाते. टाका आत पडला तर कड नुसती सपाट टिपली जाते आणि धुतल्यावर सुटते. शिफॉन फटीत ओढलं जात असेल तर खाली कोऱ्या पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

झिगझॅगची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे कापडाखाली दोऱ्याचा गुंता. लोक बॉबिनला दोष देतात, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. फूट खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या चकत्या बंद असतात, दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही आणि सैल दोरा खाली जाऊन साठतो. फूट वर करून पुन्हा ओवा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. बॉबिन बदलताना उंचीही पाहा. समोरून बसणारी आणि वरून टाकायची बॉबिन दिसायला सारखी असते, पण काही मेकमध्ये उंचीत किंचित फरक असतो आणि तेवढ्याने टाका बिघडतो.

जाड दोऱ्याने गोधडी शिवण्यासाठी बॉबिन केसचा छोटा स्क्रू ढिला करावा लागतो. त्यासाठी दुसरं मशीन घेण्याआधी दुसरी बॉबिन केस घ्या. तिच्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि मूळच्या केसला हात लावू नका. मशीन घेण्याचा हा मोह या एका ठिपक्याने वर्षभर तरी पुढे ढकलता येतो.

गोधडीचे थर एकत्र शिवणं हे वेगळंच काम. दाते फक्त खालचा थर ओढतात, वरचा फूटापुढे साचत जातो आणि टोकाला चुण्या पडतात. उपाय तीन, आणि तिन्ही करावेत: चार-चार इंचांवर कच्चा दोरा, फूटाचा दाब वरच्या स्क्रूने थोडा कमी, आणि झिगझॅगवर वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही सोबत ओढणारा फूट. सुरुवात मध्यातून, बाहेर जात. सुई ९०/१४, खाली डेनिम किंवा जुनं जाड कापड असेल तर १००/१६. फिरत्या रेषांची शिलाई करायची तर दाते खाली घ्यावे लागतात. काळ्या मशीनच्या काही मॉडेलांत बेडखाली त्यासाठी स्क्रू असतो. नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणून, सुईपुरतं भोक पाडलेला गुळगुळीत पुठ्ठा दात्यांवर चिकटवून भागतं.

खरी अडचण जागेची येते. सुईपासून उजव्या खांबापर्यंत घरगुती मशीनला साधारण साडेसहा इंच मिळतात. साठ बाय नव्वदची गोधडी मध्यातून शिवताना तिचा निम्मा भाग त्या बोगद्यातून गुंडाळून न्यायचा असतो. इथे जुकी कामाला येते. आपल्याकडे कारखान्यातल्या कुठल्याही पॉवर मशीनला सरसकट जुकी म्हणतात, मेक जॅक या दुसऱ्या कंपनीचा असला तरी. खुद्द जुकीचं डीडीएल-८७०० मिनिटाला ५५०० टाक्यांपर्यंत जातं. घरी तेवढ्या वेगाचं काही काम नाही, उपयोग आहे तो साधारण दहा इंचांच्या जागेचा आणि गुडघ्याने फूट उचलण्याच्या सोयीचा. दोन्ही हात कापडावर राहतात. मोटर सर्व्होच (पाय दाबला तरच फिरणारी) घ्या. क्लच मोटर शिवत नसतानाही घुमत राहते आणि पाय टेकताच झेपावते. सुई गोल दांड्याची, डीबी×१ जातीची लागते. घरातल्या सपाट दांड्याच्या सुया इथे चालत नाहीत. टेबल कायमचं खोलीत राहणार, हे धरून चला. वन बीएचकेत आम्ही ते सुचवणार नाही.

मधला मार्ग म्हणजे जुकीचं टीएल-२०१०क्यू. फक्त सरळ टीप, मिनिटाला १५०० टाके, सुमारे साडेआठ इंच जागा, घरगुती सुया आणि टेबलाशिवाय चालणारं. गोधड्यांचंच काम जास्त असेल तर पैसे इथे घालावेत. उलट टोकाला अमेरिकेतल्या क्विल्टिंग करणाऱ्यांचं लाडकं सिंगर २२१, म्हणजे फेदरवेट. १९३३ मध्ये आलेलं, जेमतेम ५ किलोचं, तेही फक्त सरळ टीप मारणारं. घरी मोठं मशीन असूनही वर्गाला न्यायला तिथल्या बायका ते सांभाळून ठेवतात. तिकडच्या नातेवाइकांकडून असं मशीन आणवणार असाल तर ते ११० व्होल्टचं असतं. इथल्या २३० व्होल्टला थेट लावलं की मोटर जळते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड कापत दोऱ्यांनी बांधत जाणारं मशीन (फॉल-पिकोच्या दुकानात ज्याला इंटरलॉक म्हणतात ते बहुधा हेच), गोधडीला काहीच कामाचं नाही. ब्लाउज, कुर्ते, मुलांचे टी-शर्ट शिवत असाल तरच घ्या. तीन दोऱ्यांचं ओवताना आधी वरचा लूपर (कडेवर दोरा फिरवणारा आकडा), मग खालचा, सुई शेवटी. खालच्या लूपरचा दोरा तुटला तर सुईचाही काढून शेवटी परत ओवायचा, नाहीतर टाका धरत नाही. रीळ बदलताना नव्या दोऱ्याची जुन्याला गाठ मारून ओढून घ्यावी, मात्र सुईच्या नेढ्याआधी गाठ कापून टाकावी. पातं बोथट झालं की कड कुरतडल्यासारखी दिसते. टाचणी पात्याखाली गेली की संपलंच.

भरतकामाचं मशीन आणि शिलाई एकातच, असं जोडमशीन घेऊ नये. १०,००० टाक्यांचं एक नक्षीकाम मिनिटाला ४०० टाक्यांनी २५ मिनिटं घेतं, आणि तेवढा वेळ शिवायचं मशीन अडकलेलं. दुसरं मशीन ज्यासाठी हवं होतं तीच अडचण परत घरात येते.

जुनं काळं मशीन बघायला जाताना स्वतःचा दोरा, नवी १४ ची सुई आणि दुहेरी सुती कापड घेऊन जा. पट्टा काढून चाक हाताने फिरवा: एकाच जागी अडत असेल तर शटलमध्ये दोरा असतो, तो निघतो, सगळीकडे जड असेल तर तेल सुकलंय, तेही सुटतं. सुईची दांडी बोटांत धरून डावी-उजवी हलवा. तिथे खेळ जाणवला तर पुढे बोलूच नका. पत्रा काढून भोकाच्या कडेवर नख फिरवा. सुया आपटून तिथे ओरखडे पडलेले असतील तर दोरा तुटत राहणार. पत्रा बदलता येतो, तेवढी किंमत कमी करायला सांगा. शेवटी सुई लावून दुहेरी कापडावर हातभर टीप मारा आणि कापड उलटून खालचा टाका बघा.