मोडीचा दहा दिवसांचा वर्ग : अक्षर लागतं, कागद अडतो

पुण्यातला मोडी लिपीचा हा वर्ग दहा दिवसांचा, रोज दोन तासांचा. इतिहासात एम. ए. करणारे, घरातले जुने दस्त वाचू पाहणारे, वकिलांकडचे कारकून, सगळे एकाच बाकावर. अक्षरओळखीपुरता वर्ग उत्तम आहे. पहिल्या दिवशी पानभर नुसत्या शिरोरेघा आखून घेतात आणि तेच योग्य, कारण मोडीत रेघ आधी, अक्षरं मागाहून तिला टांगायची. काना खालून वर न्यायचा, हात शक्यतो उचलायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद विसरायचा. चार दिवसांत बाराखडी बसते.

अडचण पाचव्या दिवसापासून. सरावाचे सगळे कागद आंग्लकालीन, सुबक वळणाचे. पेशवेकालीन पत्र समोर आलं की विद्यार्थी थबकतो. शब्दांत जागा नाही, ओळ संपली की शब्द मधेच तुटलेला, आणि मौ॥ म्हणजे मौजे, प॥ म्हणजे परगणे, रा॥ म्हणजे राजश्री हे ठाऊक नसल्यानं तो ही अक्षरं पुढच्या शब्दाला जोडत बसतो. संक्षेपांचा एक छापील तक्ता पहिल्याच दिवशी हातात द्यायला हवा होता.

सगळ्यात मोठी उणीव कालगणनेची. तिला जेमतेम अर्धा तास मिळतो. ‘छ २२ साबान, सलास सबैन मया व अलफ’ ही ओळ घ्या. छ म्हणजे चांद्र तारीख; पुढचे अरबी संख्याशब्द: सलास ३, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. म्हणजे सुहूर सन (मराठी कागदांत वापरलेली एक कालगणना) ११७३. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून इसवी सनासाठी मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. महिना मात्र चांद्र, हिजरी. साबान त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर आला, तेव्हा ५९९ मिळवून १७७२. जंत्रीत, म्हणजे वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखा जुळवणाऱ्या कोष्टकात, पाहिलं की १८ नोव्हेंबर, कार्तिक वद्य ८, शके १६९४: थोरल्या माधवरावांच्या मृत्यूचा दिवस. सरसकट ६०० मिळवले तर पत्र एक वर्ष पुढे सरकतं आणि नारायणरावाच्या खुनानंतरचं ठरतं! पत्रावरची ‘पौ’ ही नोंदही अशीच फसवते. ती पैवस्तीची, म्हणजे पत्र पोचल्याची तारीख, लिहिल्याची नव्हे.

हिशेबाच्या कागदांना वर्गात हातच लावत नाहीत. आर्थिक इतिहास करणाऱ्यानं ५॥। म्हणजे पावणेसहा, १६ आण्यांचा रुपया, जमिनीच्या मापात २० पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चाहूर एवढं स्वतः पाठ करावं. मुद्रा (शिक्का) आणि मोर्तब (पत्राच्या शेवटचा छोटा शिक्का) ओळखणं शिकवतात, तेही नीट. कागद अस्सल की नक्कल याची पहिली पारख तिथेच होते.

घरचा सातबाराआधीचा एखादा दस्त लावायचा असेल तर हा वर्ग पुरेसा आहे. प्रबंधासाठी येणाऱ्यांनी प्रवेशाआधी दोन गोष्टी विचाराव्यात: सरावात पेशवेकालीन मूळ कागदांच्या किती छायाप्रती देतात, आणि जंत्री हाताळायला शिकवतात का. वर्गानंतर रोज एक पान, ओळीला ओळ ठेवून, देवनागरीत उतरवावं. न लागलेलं अक्षर अंदाजानं भरू नये, चौकटी कंसात मोकळं सोडावं. पुढच्या पानावर तेच वळण पुन्हा भेटतं आणि कंस भरतो.