रोमन कर्तव्यविचार वाचायचा आहे : आधी सिसेरो की सेनेका?

सार्वजनिक कामात कितपत पडावं, दोन कर्तव्यं एकमेकांच्या आड आली तर आधी कोणतं धरावं आणि बाजूला कधी व्हावं, हे तीन प्रश्न घेऊन रोमन लेखकांकडे जाणाऱ्यापुढे शेवटी दोन नावं उरतात. मार्कस ऑरेलियस मी इथे वगळतो. त्याची टिपणं स्वतःसाठी आहेत आणि बाजूला होण्याचा पर्याय सम्राटाला तसाही नव्हता. राहिलं एकीकडे प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळातला वक्ता आणि राजकारणी सिसेरो याचं कर्तव्यांवरचं तीन खंडांचं ‘दे ऑफिसिईस’, दुसरीकडे स्टोइक विचारवंत आणि सम्राट नीरोचा सल्लागार सेनेका याचे दोन छोटे निबंध : मनःशांतीवरचा ‘दे त्रांक्विलिताते’ आणि निवृत्तीवरचा ‘दे ओतिओ’.

पानं कमी म्हणून सेनेकापासून सुरुवात करावीशी वाटते, आणि त्यात गैर काही नाही. ‘दे त्रांक्विलिताते’चं चौथं प्रकरण तर या विषयावरच्या सगळ्या रोमन लेखनात सर्वांत उपयोगी पान असेल. माघार घ्यायचीच तर पाऊल पाऊल घ्या, निशाण हातचं जाऊ देऊ नका, असं तो सांगतो आणि मग पायऱ्याच मांडतो. सैन्यात जाता येत नाही? पदासाठी उभे राहा. खाजगी आयुष्यच वाट्याला आलं? वकिली करा. बोलायची बंदी आहे? गप्प राहून लोकांच्या पाठीशी उभे राहा. फोरममध्ये, म्हणजे शहराच्या सार्वजनिक चौकात, पाऊल टाकणंही धोक्याचं? मग घरात, खेळांच्या ठिकाणी, जेवणाच्या पंगतीत चांगला सोबती आणि विश्वासू मित्र व्हा. पद गेलं की काम संपलं असं समजणाऱ्याला यापेक्षा नेमका सल्ला मिळणार नाही.

अडचण ‘दे ओतिओ’त आहे. इथे सेनेका स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो याचा नियम सांगतो : काही आड आलं नाही तर शहाणा माणूस सार्वजनिक कामात पडेल. मग काय आड येऊ शकतं त्याची यादी देतो. राज्य सुधारण्यापलीकडे बिघडलेलं असणं, आपल्याकडे पुरेसं वजन किंवा ताकद नसणं, प्रकृती साथ न देणं. इथवर कोणाचीच हरकत नसावी. पण आठव्या प्रकरणात तो विचारतो, शहाण्याने जायचं तरी कोणत्या राज्यात? अथेन्समध्ये, जिथे सॉक्रेटिसला शिक्षा झाली आणि जिथून अ‍ॅरिस्टॉटलला पळावं लागलं? कार्थेजमध्ये? एकेक राज्य तपासलं तर जे शहाण्याला सहन करील किंवा ज्याला शहाणा सहन करील असं एकही सापडणार नाही, म्हणून निवृत्ती सगळ्यांनाच भाग आहे. पुढे जहाजाचा एक दाखला येतो आणि उपलब्ध मजकूर तिथेच तुटतो.

माझा कौल ठरला तो इथे. अपवाद एवढा मोठा झाला की नियमच त्यात बुडाला. राज्य बिघडलेलं आहे हे कारण कोणत्याही काळात, कोणत्याही गावात उपलब्ध असतं, आणि ते खरं आहे की सोयीचं, हे तपासायला सेनेका या निबंधात कसोटी देत नाही. सार्वजनिक कामातल्या लोकांशी हा विषय निघतो तेव्हा मला तरी हेच दिसतं, की बाहेर पडायची कारणं कोणाला शिकवावी लागत नाहीत. ती पारखायची रीत लागते. सेनेकाच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की त्याच्या काळी पदं सम्राटाच्या मर्जीवर होती. इ.स. ६२ मध्ये त्याने नीरोकडे निवृत्ती मागितली ती हौसेने नव्हे, आणि ६५ मध्ये त्याच नीरोच्या हुकमाने त्याला मरावं लागलं. त्या परिस्थितीत दार उघडं ठेवणं समजण्यासारखं आहे.

सिसेरोने ‘दे ऑफिसिईस’ इ.स.पू. ४४ च्या शरदात, सीझरच्या खुनानंतर काही महिन्यांनी, अथेन्सला शिकणाऱ्या मुलासाठी लिहिलं. काळ त्याच्यासाठीही बरा नव्हता. पुढच्या वर्षी ७ डिसेंबरला त्यालाही मारलं गेलं. तरी पहिल्या खंडात (परिच्छेद ७१) तो बाहेर पडू पाहणाऱ्याची उलटतपासणी घेतो. विद्येला वाहून घेतलेला असामान्य बुद्धीचा माणूस, आजारी किंवा तसंच भारी कारण असलेला, यांना मोकळीक आहे. बाकीचे सत्तेला तुच्छ मानतो म्हणत असतील तर प्रश्न असा, की त्यांना खरोखर सत्ता नकोशी आहे, की कष्टांची आणि पराभवाच्या नामुष्कीची भीती आहे? त्याआधी २३ आणि २९ व्या परिच्छेदांत तो अन्याय दोन प्रकारचा मानतो : स्वतः करणं, आणि थांबवता येत असताना न थांबवणं. आपण बरे, आपले काम बरे म्हणणारा पहिल्यातून सुटतो आणि दुसऱ्यात सापडतो. सेनेकात न मिळालेली कसोटी मला इथे मिळाली.

दुसरा फायदा हिशेबाच्या पद्धतीचा. सिसेरो ज्याच्या आधाराने लिहितो त्या ग्रीक स्टोइक पनैटियसने कर्तव्याबद्दल तीन प्रश्न ठेवले होते : हे योग्य आहे का, फायद्याचं आहे का, आणि दोन्ही भिडले तर काय? तिसऱ्यावर लिहायचं त्याच्याकडून राहूनच गेलं; तो खंड सिसेरोने स्वतः लिहिला. शिवाय दोन प्रश्न त्याने वाढवले : दोन योग्य गोष्टींत अधिक योग्य कोणती, दोन फायद्यांत मोठा कोणता. पहिल्या खंडातला ५९ वा परिच्छेद पाहा. सुगीत भावाच्या किंवा मित्राच्या आधी शेजाऱ्याच्या मदतीला जा. पण कोर्टात दावा लागला तर नातलगाची आणि मित्राची बाजू आधी घ्या. बेरीज-वजाबाकी करून कोणाचं किती देणं लागतो ते काढा, असं तो म्हणतो. म्हणजे नात्यांची उतरंड पक्की नाही, प्रसंगागणिक बदलते. तिसऱ्या खंडातला (५० पासून) धान्याचा व्यापारी याच पद्धतीने तपासलेला आहे. ऱ्होड्समध्ये दुष्काळ आहे, मागून आणखी गलबतं येताहेत हे त्याला एकट्याला माहीत आहे. ते सांगून विकावं की चढ्या भावाने? डायोजिनिस (बॅबिलोनचा) आणि अँटिपेटर या दोन स्टोइकांचे युक्तिवाद पूर्ण ऐकवून मगच सिसेरो निर्णय देतो, की लपवायला नको होतं.

त्याचे दोष मोठे आहेत. मजुरी घेऊन राबणाऱ्यांना आणि किरकोळ व्यापाऱ्यांना तो हलकं लेखतो (१.१५०, म्हणजे खंड १, परिच्छेद १५०), आणि राज्यं मुख्यतः मालमत्ता राखण्यासाठी उभी राहिली असं सांगतो (२.७३). इथे सेनेका फार पुढे आहे. गुलामही मालकावर उपकार करू शकतो, हे तो उपकारांवरच्या ‘दे बेनेफिसिईस’च्या तिसऱ्या खंडात ठामपणे मांडतो. माणसामाणसांतली समता हाच तुमचा मुख्य प्रश्न असेल तर आधी सेनेकाच घ्यावा.

सिसेरो घेतलात तर पहिल्या पानापासून सरळ वाचत जाऊ नका. बहुतेक जण दुसऱ्या खंडाच्या उत्तरार्धात, दानधर्म आणि सार्वजनिक खेळांच्या खर्चाशी अडकतात. पहिल्या खंडातले ९-१०, २०-६०, ६९-७३ आणि १५२-१६० हे परिच्छेद, मग तिसऱ्यातले ५०-५७, आणि दुसरा खंड सगळ्यात शेवटी. संदर्भ पानाने नाही, परिच्छेदक्रमांकाने शोधा. ते सगळ्या आवृत्त्यांत सारखे असतात. इंग्रजीतून वाचणार असाल तर वॉल्टर मिलरचा १९१३ चा अनुवाद फुकट मिळतो, भाषा मात्र जुनी. ग्रिफिन आणि अ‍ॅटकिन्स यांची १९९१ ची केंब्रिज आवृत्ती टिपांसाठी विकत घेण्याजोगी. सेनेकासाठी कूपर आणि प्रोकोपे यांचं १९९५ चं केंब्रिज पुस्तक घ्याल तर त्यात ‘दे ओतिओ’ आहे, ‘दे त्रांक्विलिताते’ नाही. ते चौथं प्रकरण वेगळं मिळवावं लागेल.