स्विमिंग पूल साफ करायला काय घालावं: सुती की पॉलिस्टर, चप्पल की गमबूट?

काम पाण्याचं आहे, तेव्हा भिजले तरी चालतील असे कपडे घ्यावेत, हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. नीट राखलेल्या पूलमध्ये मोकळं, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, क्लोरीन लिटरला जेमतेम 1 ते 3 मिलिग्रॅम असतं. तेवढ्याने कपड्यांचं किंवा कातडीचं लगेच काही बिघडत नाही. बिघडतं ते कॅनमधल्या मालाने. द्रव क्लोरीन 10 ते 12 टक्क्यांचं, दाणेदार पावडर 65 ते 70 टक्क्यांची, आणि पाण्याचा पीएच (आम्ल-अल्क पातळी) उतरवायला वापरतात ते हायड्रोक्लोरिक ॲसिड 30 टक्क्यांच्या आसपास. म्हणून सकाळी कपाटातून कपडे काढतानाच ठरवायचं, आज नुसती जाळी आणि ब्रश मारायचा आहे की कॅन उघडायचा आहे.

कापड

सुती कपडा अंगाला बरा वाटतो, यात वाद नाही. पण तो पाणी पितो, तसंच रसायनही पितो आणि ते कातडीला चिकटवून ठेवतो. क्लोरीनने रंग उडतो, ते निदान डोळ्यांना दिसतं तरी. ॲसिड जास्त लबाड. मांडीवर थेंब उडाला की त्या वेळी काहीच कळत नाही. कापड वाळतं, तिथे हाताला जरा कडक लागतं आणि पुढच्या धुण्यात नेमकं त्याच जागी चण्याएवढं भोक पडतं.

पॉलिस्टर क्लोरीन आणि सौम्य ॲसिड, दोन्हींपुढे बराच जास्त टिकतो आणि लवकर वाळतो. घामाचा वास धरतो, ही त्याची खोड. माझं मत पॉलिस्टरच्याच बाजूने आहे, पण लेबल वाचून घ्या. नायलॉन दिसायला तसाच असतो, पण क्लोरीन आणि ॲसिड दोन्ही त्याला खातात. ताणला जाणारा लायक्रा जास्त असलेला कपडा क्लोरीनने लवकर सैल पडून लोंबायला लागतो. सुतीच हवा असेल तर पांढरा घ्या, डाग तरी दिसणार नाहीत.

बाह्या पूर्ण घ्याव्यात, कारण हे काम उन्हातलं. यूपीएफ 50 लिहिलेल्या शर्टातून अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत येतो. पातळ पांढरा सुती टी-शर्ट त्याच्या जवळपासही जात नाही आणि भिजला की आणखी कमी पडतो. टोपी मान झाकेल अशा रुंद काठाची असावी, बाकी आवडीचा प्रश्न.

हाफ पॅन्ट की फुल

जाळी फिरवणं, भिंती घासणं, व्हॅक्यूम मारणं एवढंच असेल तर हाफ पॅन्ट चालते. कॅन उघडायचा असेल तर फुल पॅन्टच हवी आणि वरून रबरी किंवा पीव्हीसीचा ॲप्रन. जीन्स मात्र दोन्ही दिवशी नको. भिजली की जड होते, तासन्‌तास वाळत नाही, आणि तोल जाऊन पाण्यात पडलात तर पाय हलवणं मुश्कील करते.

पायात काय

चप्पल सोयीची, पण ओल्या फरशीवर सटकते आणि पाऊल उघडंच राहतं. भोकांच्या रबरी सँडलमधून पाणी निघून जातं खरं, पण ॲसिडही त्याच भोकांतून आत येतं. कॅनव्हासचे आणि चामड्याचे बूट सांडलेलं सगळं शोषून पायाशी धरून ठेवतात. गमबूट रसायनांसाठी सगळ्यात चांगला. त्यावर पॅन्ट बाहेरून सोडावी, आत खोचली की ओघळ थेट बुटात उतरतो. पण रोज दिवसभर गमबूट घालू नये, पाय उकडतात हे एक आणि खोल बाजूला घसरलात तर त्यात पाणी भरून वर येणं जड जातं हे दुसरं. रोजच्या कामाला खोल खाचांचा रबरी तळ असलेला बंद बूट घ्या, फरशीवर काळे डाग न पाडणारा. खाचा झिजल्या की तो बूट पूलवर आणू नका, वरून कितीही चांगला दिसत असला तरी.

हातमोजे

पातळ, वापरून फेकायचे मोजे स्किमरच्या (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या खोबणीच्या) टोपलीतला कचरा काढण्यापुरते. ॲसिड आणि क्लोरीनसाठी जाड नायट्राइल किंवा निओप्रीन या कृत्रिम रबराचे, कोपराकडे जाणारे लांब मोजे हवेत. चामड्याचे अजिबात नकोत. काठी उंच धरली की तिच्यावरचं पाणी मनगटावरून थेट बाहीत शिरतं. त्यासाठी मोज्याची कड दोन बोटं बाहेर दुमडून ठेवायची, ओघळ तिथेच अडतो. घालण्याआधी मोज्यात हवा भरून तोंड पिळून धरा. बारीक भोक असेल तर हवा फुसकन निघते.

डोळे आणि नाक

पोलराइज्ड गॉगलने पाण्यावरची चकाकी मरते आणि तळातला गाळ स्वच्छ दिसतो. रोजच्या कामाला तो हवाच. पण उडालेला थेंब त्याच्या बाजूने आत जातो, त्यामुळे रसायन ओतताना चारही बाजूंनी बंद सेफ्टी गॉगल लागतो. तो धुरकटतो, त्याला इलाज नाही.

कापडी मास्क वायूला अडवत नाही. पूल रिकामा करून ॲसिडने धुवायचा असेल तर ॲसिड वायू गाळणारी डबी (कार्ट्रिज) असलेला मास्कच लागतो आणि तोही दाढीवर नीट बसत नाही. ॲसिडची वाफ हवेपेक्षा जड असते, रिकाम्या पूलच्या खड्ड्यात साचून राहते. पूर्ण साहित्य मिळत नसेल तर ते काम घेऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी.

गळ्यात लोंबणारी ओळखपत्राची दोरी पंपरूममध्ये काढून ठेवा. वरच्या खिशातला मोबाइलही काढा, वाकलात की तो पाण्यात.

घरी आल्यावर

ॲसिड उडालेले आणि क्लोरीन उडालेले कपडे एकाच बादलीत भिजत घालू नका. दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो. आधी वेगवेगळे, भरपूर वाहत्या पाण्याखाली खळबळून घ्या. अंगावर जास्त सांडलं तर घरी जायची वाट न बघता कपडे तिथेच उतरवून अंग धुवायचं. त्यासाठी पिशवीत एक जोड हवाच. तो सुती की पॉलिस्टर, याचा मात्र खल करू नका, कोरडा असला की झालं.